नोंद नसलेली मेल

रामनाथकाका, आधी एक विचारते, मग बाकीचं. तुम्हाला माहीत होतं का?

तुम्हाला जाऊन पंधरवडा झाला. तुमचं वय किती, डिचोलीच्या खाणीच्या ऑफिसात किती वर्षं काढलीत, मागे कोण कोण आहे, हे सगळं पेपरातल्या चौकटीत येऊन गेलं. ते मी परत लिहीत नाही. खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं मला तेव्हाच कळलं. आपण वर्षभर एकाच मेजावर काम केलं, सकाळी तुम्ही आणि दुपारी मी, आणि मी तुमच्याबद्दल जे काही गोळा केलं होतं ते बहुतेक संशयानंच गोळा केलं होतं.

पहिल्या दिवसापासून. तुयेच्या आपल्या कारखान्यात, त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या वासात, मी कॉलेज सुटल्यावर पेडण्याहून धावत आले होते. माझ्या घरात ऑफिसात बसणारी मीच पहिली. तुम्ही कदेलीवरून उठून मला बसायला दिलंत, डब्यातली पातळ भाजी आणि अर्धा पाव पुढे केलात आणि म्हणालात, "जेवलीस गो बाय? कॉलेजांतल्यान थेट आयल्यां न्हय तूं?" मी "जेवले" म्हणाले. जेवले नव्हते. माझे बाबा सावंतवाडीकडचे, ट्रकवर आयुष्य गेलं. आमच्या घराच्या नंबराचा अर्ज एकदा पंचायतीत हरवला होता, आणि हरवणारा माणूस फार गोड बोलायचा. तेव्हापासून बाबांचं एक वाक्य घरात कायमचं राहायला आलं. "गोड बोलणारो कारकून गावलो तर आपलो कागद घट्ट धरूचो." मी तुमचा पाव घेतला नाही तो त्यामुळे.

मग तुम्ही मला मेल आवरायची तुमची पद्धत दाखवलीत. ऑफिसचा कॉम्प्युटर एक, मेलचं खातं एक, आणि त्यात रोज शंभर मेल. तुमची बोटं कळांवर होती आणि माऊस एका बाजूला उलटा पडला होता. "जे दाबलें की सकयली. के दाबलें की वयली. काम जालें, नोंद जाली, की मागीर ई." जे आणि के या अक्षरांनी यादी खाली-वर सरकली. मग तुम्ही ई दाबलंत आणि समोरची मेल नाहीशी झाली. अशा दहा-बारा मेल तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत एका मिनिटात घालवल्यात.

"गेली कुठे?" मी विचारलं.

"माळ्यार. फुडल्यान काम पडलें जाल्यार देंवोवपाची."

"आणि खाली उतरवायला गेलं आणि सापडली नाही तर?"

तुम्ही हसलात. "बाय, पुसून उडोवपाची कळ वेगळी. ती हांव दाखयनां तुका."

तुम्हाला तो विनोद वाटला असेल. मी मात्र घरी जाईपर्यंत त्यावर विचार करत राहिले. पुसायची कळ वेगळी आहे, आणि ती ते मला दाखवणार नाहीत.

तुमची वही मला त्याहून विचित्र वाटायची. खाणीच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळताना लागलेली सवय तुम्ही इथे घेऊन आला होता. प्रत्येक मेलची एक ओळ. उजव्या हातानं नंबर, कुणाकडून, कशाबद्दल, कुणाला दाखवली, आणि लिहून झालं की डाव्या हातानं ई. उजवा हात थांबल्याशिवाय डावा हात उठायचा नाही. कॉम्प्युटरमध्ये सगळं असताना माणूस दुसऱ्यांदा हातानं का लिहितो? मला वाटायचं, जे लिहिलं नाही ते झाकायला.

मी तुमच्या कळा शिकले नाही. तुम्हाला आठवत असेल, आपला वाद त्यावर कायम व्हायचा. मी म्हणायचे, माऊसनं वेळ लागतो, पण आपण काय केलं ते दिसतं तरी. तुम्ही म्हणायचात, "माऊसान मनीस पळयता पयली आनी वाचता मागीर. कळीन वाचता पयली." माऊसनं माणूस आधी बघतो आणि मग वाचतो, हे मला पटायचं नाही आणि उलट बोलायचं धाडसही व्हायचं नाही. म्हणून मी गप्प राहून माऊस धरायचे. मनात एवढंच की ही पद्धत त्यांची, मी ती घेतलेली नाही, म्हणजे तिच्याशी माझा काही संबंध नाही.

हे वाक्य मी आता परत वाचतेय, काका. संबंध नाही म्हणे.

शेवंताचं प्रकरण हे वाचणाऱ्या इतर कुणाला माहीत नसेल, म्हणून थोडक्यात लिहिते. शेवंता चंदगडकडची, खोक्यांना गोंद लावायच्या मशीनवर होती. आई आजारी म्हणून पंधरा दिवसांची रजा घेऊन गावी गेली. आई लवकर उठेना, म्हणून आणखी पंधरा दिवस मागणारी मेल तिनं भावजयीच्या मोबाईलवरून पाठवली आणि मला फोनही केला. त्या दुपारी मी ती मेल उघडली. माझ्या डोळ्यांनी वाचली. आपल्याकडे पोच द्यायची रीत ठरलेली, मराठीत पण इंग्रजी अक्षरांत, म्हणजे बायकांना मोबाईलवर वाचता येतं. "ई-मेल मिळाली, साहेबांना दाखवते." ते टाईप करायला घेतलं आणि तेवढ्यात साहेबांनी गाडीची पावती शोधायला हाक मारली. परत आले तेव्हा पडद्यावर नेहमीची यादी होती. माझं उत्तर गेलं असं मी धरून चालले. साहेबांना उद्या दाखवू, सकाळी काका बघतीलच, असं म्हणून बस पकडली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या परीक्षा लागल्या. दोन आठवडे मी ऑफिसात आले नाही.

मी परत आले त्या दिवशी शेवंता दारात उभी होती. न सांगता गैरहजर म्हणून तिचं नाव काढलं होतं आणि मशीनवर दुसरी बाई बसली होती. ती भावजयीचा मागून आणलेला मोबाईल पुढे करून सगळ्यांना दाखवत होती. "अवो, म्या धाडली हुती की! ह्ये बगा, गेल्याली दिसतीया. ताईस्नी म्हाईत हाय, फोन केलता म्या."

तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी अजून चाचणीवर होते काका, जूनमध्ये पूर्णवेळ घेणार की नाही ते साहेबांच्या हातात होतं. घरी आईनं शेजारपाजारी सांगून टाकलं होतं. मी पटकन म्हणाले, "मी पाहिली होती. मी उत्तरही दिलं होतं. सकाळच्या पाळीत कुणी काढली असेल तर मला माहीत नाही."

सकाळच्या पाळीत तुम्ही एकटेच होतात.

तुम्ही कॉम्प्युटरपाशी गेलात, सगळ्या मेलमध्ये शोधलंत आणि अर्ध्या मिनिटात ती मेल काढून दाखवलीत. इतकी पटकन सापडली, याचाच मला जास्त संशय आला. ज्यानं ठेवली त्यालाच ठेवलेली जागा माहीत असते. आणि मेलच्या खाली माझं उत्तर नव्हतं. तेव्हा माझी खात्रीच झाली.

"माझं उत्तरपण पुसलंत," मी म्हणाले. सगळ्यांसमोर. साहेब, स्टोअरचा आंतोन, शेवंता, सगळे होते.

तुम्ही वही उघडलीत. त्या तारखेची पानं मला दाखवलीत, बोट प्रत्येक ओळीवरून खाली नेत. "पळय. नोंद ना. नोंद ना म्हणल्यार हांवें दाबूंक ना."

"नोंद नाही म्हणजेच लपवली," मी म्हणाले.

तुम्ही वही मिटलीत. तुमचा चेहरा मी त्या वेळी नीट पाहिला नाही. बघायला हवा होता. साहेबांनी एवढंच म्हटलं की रामनाथ, वय झालं की माणसानं जपून करावं, आणि शेवंताला सांगितलं की जागा झाली की बोलावू. मी पूर्णपणे बाजूला राहिले. त्या दिवशी घरी जाऊन मी बाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "बघ, मी काय सांगलंलंय?" मी त्या रात्री छान झोपले.

यापुढचे तीन आठवडे लिहायला मला अवघड जातंय.

तुम्ही कळा सोडल्यात. मी दुपारी यायचे तेव्हा माऊस सरळ पडलेला असायचा आणि त्यावर तुमचा हात. एक मेल उघडायची, वाचायची, वहीत लिहायची, परत वाचायची, मग बाण सावकाश नेऊन दाबायचा आणि दाबल्यावर मेल खरंच कुठे गेली ते बघून यायचं. तुमचा डावा हात मांडीवर पालथा ठेवलेला असायचा. शंभरातल्या चाळीससुद्धा आवरायच्या नाहीत. मला वाटलं, हे दाखवण्यासाठी चाललंय. पकडले गेलेत, म्हणून आता साव झालेत.

मग एके दिवशी तुम्ही उठताना म्हणालात, "बाय, म्हज्या फाटल्यान एक फावट तूं पळयशी? सकाळच्यो सगळ्यो."

मी म्हटलं, "तुमच्यामागून परत मी बघायच्या? का? विश्वास नाही?"

मला तो टोमणा वाटला होता. तुम्हाला पुढे साक्षीदार हवा असेल, उद्या काही झालं तर मेल तिनंही पाहिल्या होत्या असं म्हणायला, असंही वाटलं. तुम्ही "तुजेर न्हय गो," म्हणालात आणि पिशवी उचलून म्हापशाच्या बसला गेलात.

तुजेर न्हय. तुझ्यावर नाही. मग कुणावर, हे मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी तुम्ही गेलात. सोमवारी आंतोननं सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा काय विचारलं असेल? मी विचारलं, आता मेल कोण बघणार. मला माफ करा, पण मी हेच विचारलं.

तुम्ही गेल्याच्या नवव्या दिवशी मी एकटी बसले होते. ट्रकवाल्याची मेल उघडली, पोच द्यायला घेतलं, आणि लिहायच्या चौकटीत माऊस दाबायचा राहून गेला. मला कळलंही नाही. "ई-मेल मिळाली" मधलं पहिलं अक्षर, ई, दाबलं आणि मेल यादीतून गेली. पुढची अक्षरं कुठेतरी विरली, एक छोटा चौकोन उघडला आणि मी तो सवयीनं बंद केला. पडद्यावर नेहमीची यादी.

तो चौकोन मी सवयीनं बंद केला, काका. म्हणजे मला त्याची सवय होती. म्हणजे तो आधीही उघडला होता.

मी हात मागे घेतला. मग स्वतःच्याच खात्यावरून ऑफिसला तीन मेल पाठवल्या, एकेक उघडली, चौकटीच्या बाहेर राहून तेच टाईप केलं. तिन्ही गेल्या. तिन्हींना माझं उत्तर नव्हतं, कारण ते कधी लिहिलंच गेलं नव्हतं. कळांची सोय तुम्ही खात्यात सुरू केली होती आणि खातं आपलं एकच होतं. मी ती पद्धत घेतली काय, न घेतली काय, कळेला ते कसं कळणार? आणि वही खरंच बोलत होती. तुम्ही घालवलेल्या प्रत्येक मेलला नंबर होता. हिला नव्हता, कारण तुम्ही ती पाहिलीच नव्हती.

मी दोन दिवस कुणाला काही बोलले नाही. हेही लिहायला हवं. दोन दिवस मी जूनचा विचार केला, आईचा विचार केला, आणि मेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो, असाही विचार केला. शिवाय एक नवा संशय मला मिळाला होता आणि मी त्याला धरून बसले होते. तुम्ही इतक्या वर्षांचे जाणकार. मी काय केलं ते तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असेल. मग बोलला का नाहीत? मला वाचवायला? की साहेबांना शेवंताच्या जागी कमी पगारात दुसरी हवी होती आणि तुम्हाला ते माहीत होतं? पाहा, तुम्ही गेल्यावरही मी तुम्हाला सोडलं नाही.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी सगळ्यांसमोर उभी राहिले. मी सांगितलं की ती मेल माझ्याकडून गेली, काकांकडून नाही, आणि कॉम्प्युटरवर करून दाखवलं. मेल गेली. मी वळून पाहिलं. मला वाटलं होतं कुणीतरी ओरडेल.

आंतोन डोळे पुसत म्हणाला, "बरें केलें बाय तुवें. मेल्ल्या मनशाचेर दोस दवरचो न्हय."

"तसं नाही आंतोनबाब. खरंच माझ्याकडून झालं."

"जाणां हांव, जाणां," तो म्हणाला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

साहेब तर वकिलासारखं बोलले. "कळ दाबली की मेल जाते, मान्य. पण त्या दिवशी तूच दाबलीस हे कशावरून? ती सकाळीही जाऊ शकते." मी वही काढली. ते म्हणाले, "वहीत नाही म्हणून तर प्रश्न आला ना? तुझं मन चांगलं आहे. विषय संपला. अभ्यासाकडे लक्ष दे." सगळे चहा पिऊन उठले. मी महिन्याभरापूर्वी दोन वाक्यं खोटी बोलले आणि सगळ्यांनी ती लगेच घेतली. आता खरं बोलले तर ते माझा चांगुलपणा ठरलं, आणि दोष होता तिथेच राहिला, तुमच्या नावावर. शेवंताला फोन केला. ती म्हापशाला एका बांधकामावर जाते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असू द्या ताई. कुणी का दाबंना. माजी जागा गेली ती गेली." आणि तिनं फोन ठेवला.

काल रविवार होता. मी आमोण्याला तुमच्या घरी गेले. कुठली बस घ्यायची तेही माहीत नव्हतं; डिचोलीत उतरून विचारत गेले. रस्ताभर मला वाटत होतं की काकीही आंतोनसारख्याच म्हणतील, बरं केलंस, आणि मला चहा देतील, आणि मी सुटेन. की तेही मला नको होतं, कोण जाणे.

काकी जनेलापाशी बाहेर बघत बसल्या होत्या. मी ऑफिसातली, एवढं सांगितल्यावर त्यांनी मला नखशिखांत पाहिलं. त्या नजरेत माझ्या बाबांची नजर होती, गोड बोलणाऱ्या कारकुनाकडे बघायची. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. कळ, चौकट, पहिलं अक्षर, सगळं. त्यांना कॉम्प्युटर माहीत नव्हता, तरी त्या एकदाही मध्ये बोलल्या नाहीत.

मी थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे तांचें बोट न्हय?"

"नाही काकी."

"सारकें?"

"सारकें."

ऑफिसातून घरी आल्यावर तुम्ही काय करत होता हे त्यांनी मग सांगितलं. जेवताना तुम्ही मध्येच थांबायचात. डावा हात ताटाशेजारी ठेवून त्या बोटांकडे बघायचात. नोंद नाही म्हणजे मी दाबलं नाही, असं आधी म्हणायचात. मग म्हणायला लागलात की हात वेगात असतो, एखादे वेळी लिहायच्या आधीच पडलाही असेल, आणि त्या बाईची जागा आपल्यामुळे गेली. शेवटच्या आठवड्यात तुम्ही काकींना सरळच विचारलंत. "म्हजेंच बोट चुकलें आसतलें गो?"

काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"आनी हांवें म्हटलें, आसत. पिराय जाली न्हय तुमची."

असेल, वय झालं. साहेबही तेच म्हणाले होते. मला वाटलं, मी काहीतरी म्हणायला हवं, तुमची चूक नाही असं काहीतरी, पण ते म्हणायचा अधिकार माझ्याकडे कसा असेल? तुम्हाला माहीत नव्हतं, काका. तुम्ही मला वाचवत नव्हता आणि साहेबांनाही झाकत नव्हता. मी सांगितलं ते तुम्ही खरं धरलंत, एवढंच. आणि तुम्हाला "तसं नाही" असं सांगू शकणारं माणूस घरी एक होतं आणि ऑफिसात एक.

काकींनी कदेल पुढे ओढली. "बस," म्हणाल्या. "परत सांग. सुरवेक सावन सांग. सावकाश."

मी बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.